पोतं ५० किलोचं झालं, पण पाठ वाचली का? (ओझ्याचा कायदा, ५५ चा आकडा आणि मोजमाप)

थप्पी

हमालीच्या दरांवरच्या धाग्यात काल कुणीतरी लिहिलं होतं की "माणसाला ५५ किलोच्या वर ओझं द्यायचं नाही असा जागतिक कायदाच आहे". आकडा खरा आहे, पण त्याचा अर्थ तसा नाही. सांगली, तासगाव, सातारा, कराड, जिथे जिथे माल पाठीवरून आणि डोक्यावरून हलतो तिथल्या सगळ्यांनी हे नीट समजून घ्यावं म्हणून वेगळा धागा काढतोय.

ओझ्यानं माणूस झिजतो हे वैद्यकाला फार आधीपासून माहीत आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानं १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात ओझी वाहणाऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर त्याची दखल घ्यायला मात्र अडीचशे वर्षांच्या वर लागली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ साली कमाल वजनाचा करार केला, क्रमांक १२७. गंमत नव्हे, खरंच बघा, या करारात किलोचा एकही आकडा नाही. आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका होईल एवढं वजन कामगाराला वाहायला लावू नये, एवढंच त्यात म्हटलंय. ५५ आला तो सोबतच्या शिफारशीत, क्रमांक १२८. आणि शिफारस कुणावर बंधनकारक नसते.

त्या शिफारशीचे शब्द महत्त्वाचे आहेत. ज्या देशात एका प्रौढ पुरुषाला ५५ किलोपेक्षा जास्त वाहू देतात, त्या देशानं लवकरात लवकर तिथपर्यंत खाली यावं, असं ती सांगते. म्हणजे ५५ ही सुरक्षिततेची रेषा म्हणून आखलेली नव्हती. शंभर-शंभर किलो उचलायला लावणाऱ्यांना "निदान इथवर तरी उतरा" असं सांगणारी ती खूण होती. आपण तिलाच परवानगी समजून बसलो. स्त्रियांसाठी तर आकडाही दिला नाही, पुरुषांपेक्षा बरंच कमी असावं एवढंच म्हटलं.

आपल्याकडे पोतं शंभराच्या आसपास असण्याचं कारण हिशेब. एक पोतं म्हणजे एक क्विंटल, तोलाईला सोपं, वहीत लिहायला सोपं. सरकारी धान्यखरेदी या शतकाच्या सुरुवातीला ५० किलोच्या ज्यूटच्या पोत्यावर आली आणि साखर, धान्य, पेंड सगळंच हळूहळू तिकडे वळलं. हे मोठं पाऊल होतं, त्याचं मोल कमी लेखायचं नाही. पण पन्नासवर आलो म्हणजे काम झालं ही समजूत घातक आहे.

आणखी एक. २०१८ साली युरियाचं पोतं ५० वरून ४५ किलोचं झालं. शेतकरी पोत्याच्या हिशेबानं खत टाकतो, पोतं लहान केलं की युरियाचा वापर घटेल, असा त्यामागचा विचार होता. हमालाची पाठ त्या निर्णयात कुठेच नव्हती. तरीही पाच किलो कमी झाले. पोत्याचं वजन ठरवणं सरकारच्या हातात आहे आणि मनात आणलं तर ते एका आदेशात होतं, हे यावरून दिसतं.

कलम३४

थप्पीभाऊ, चांगला विषय घेतलात. भारतातली बाजू मांडतो.

कारखाने अधिनियम १९४८ चं कलम ३४ आंतरराष्ट्रीय कराराच्या एकोणीस वर्षं आधीचं आहे. इजा होण्याची शक्यता असेल इतकं जड ओझं उचलायला, वाहायला किंवा हलवायला कारखान्यात कुणालाही लावू नये, असं ते म्हणत होतं. किलोचे आकडे ठरवायचा अधिकार राज्यांना दिला. केंद्राच्या नमुना नियमांत प्रौढ पुरुषाला ५५ आणि प्रौढ स्त्रीला ३० किलो आहेत.

खरी अडचण "कारखान्यात" या एका शब्दात होती. महाराष्ट्रानं २०१५ च्या दुरुस्तीनं कारखान्याची व्याख्याच वर नेली. वीज वापरत असाल तर २० कामगार, वीज नसेल तर ४०. आधी हे आकडे १० आणि २० होते. म्हणजे बारा माणसांचं बेदाणा ग्रेडिंगचं शेड, पंधरा जणांची हळद पॉलिशची गिरणी एका फटक्यात कलम ३४ च्या बाहेर गेली. अडत दुकान, गोदाम, ट्रक भरायची जागा तर कधी आतच नव्हती. सर्वांत जड ओझी जिथे हलतात तिथेच हे कलम पोचत नव्हतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या श्रमकायद्यांच्या जागी चारही श्रमसंहिता लागू झाल्या, कारखाने अधिनियमही त्यात गेला. सुरक्षितता आणि आरोग्याची जी संहिता आहे, तिच्यातही कारखान्याची व्याख्या २० आणि ४० चीच आहे. पण तिचा "आस्थापना" हा शब्द मोठा आहे. साधारण १० किंवा जास्त कामगार असलेला धंदा, व्यापार, उत्पादन त्यात येतं. म्हणून शेडवाल्यांनी "आम्ही कारखाना नाही" म्हणून हात झटकायचे दिवस गेले असं मी समजतो. मालकानं कामाची जागा इजेच्या धोक्यापासून मुक्त ठेवावी हे त्या संहितेत मालकाचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे.

आणखी एक छिद्र आहे, ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत नोंद करावी लागणारे २९ व्यवसायजन्य रोग होते. शिसं, पारा, सिलिकोसिस, आवाजानं येणारा बहिरेपणा, सगळं. कंबर, मणका, खांदा, मनगट यांचा एकही आजार त्या यादीत नव्हता. पोत्याखाली माणूस पडला तर तो अपघात. वीस वर्षं पोती उचलून मणक्यातली चकती सरकली तर कागदावर तो काहीच नाही. जे नोंदवलंच जात नाही त्यावर नियम कसा होणार? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या यादीत स्नायू आणि सांध्यांच्या आजारांचा वेगळा गट आहे.

ब्रिटननं तारयंत्र चालवणाऱ्यांच्या हाताला येणारे पेटके भरपाईच्या यादीत १९०८ सालीच घातले होते. बोटं पुन्हापुन्हा तेच काम करून जायबंदी होतात हे तेव्हा मान्य झालं. पाठीसाठी आपण अजून थांबलोय.

पाटणखोरे

कायद्याची चर्चा चालली आहे आणि माथाडी कायद्याचं नाव अजून आलं नाही, म्हणून लिहितो.

महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम १९६९ चा. माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. त्यामागची चळवळ उभी करणारे अण्णासाहेब पाटील आपल्या पाटण तालुक्यातले. मुंबईच्या गोदीत आणि बाजारात पाटण, जावळीच्या डोंगरातून गेलेली माणसं पाठीवर माल वाहत होती, त्यांना मालक नव्हता. आज या दुकानात, उद्या त्या ट्रकवर. मालकच नाही तर भविष्यनिर्वाह निधी कुणाकडे मागायचा, दुखापतीची भरपाई कोण देणार?

कायद्यानं यावर तोडगा काढला. एकीकडे नोंदणीकृत कामगार, दुसरीकडे नोंदणीकृत मालक आणि मधे मंडळ. मजुरी मालकानं मंडळात भरायची, वर लेव्ही (मजुरीवर ठरावीक टक्क्यांची रक्कम) भरायची. त्या लेव्हीतून निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), रजा, औषधोपचार. म्हणजे शंभर दुकानांत काम करणाऱ्या माणसाला एक कायमचा पत्ता मिळाला.

पण नीट वाचा, अधिनियमात पोत्याच्या वजनाची मर्यादा नाही. ती लढून मिळवावी लागली आणि अजून लढावी लागते. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात ५० किलोच्या वरच्या गोण्यांना हात लावणार नाही म्हणून माथाडींनी काम थांबवलेलं आहे. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं हाच प्रश्न अनेक वर्षं लावून धरला. नियम लिहिणारे आणि नियम पाळायला लावणारे वेगळे असतात. आपल्याकडे दुसरं काम हमालांच्या टोळीनंच केलं आहे.

मापपट्टी

आता वजनाच्या पलीकडे जाऊ. वरच्या सगळ्या चर्चेत एकच गोष्ट मोजली जातेय, किलो. पाठीला किलो कळत नाहीत. तिला कळतं ते किलो गुणिले अंतर.

अमेरिकेच्या निऑश या संशोधन संस्थेनं १९८१ साली उचलण्याचं सूत्र काढलं. तेव्हा सर्वांत चांगल्या स्थितीत ४० किलो धरले होते. १९९१ साली ते दुरुस्त केलं आणि ४० चे २३ झाले. म्हणजे सगळं जुळून आलं, ओझं अंगाला चिकटून, कमरेच्या उंचीवर, वळायचं नाही, अधूनमधूनच उचलायचं, धरायला चांगली मूठ, तरी २३ किलो. मग परिस्थिती जशी बिघडेल तसे सहा गुणक लावून २३ खाली आणायचे.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. थप्पीच्या तळाचं पोतं उचलून छातीखालच्या उंचीवर ठेवायचं आहे. दिवसभराचं काम, मिनिटाला दोन उचल.

हात घोट्याच्या मध्यापासून किती पुढे? पोतं रुंद, गुडघ्यांच्या मधे येत नाही, म्हणून ४० सेंमी. गुणक २५ भागिले ४० = ०.६२५.

उचलताना हात जमिनीपासून किती वर? २५ सेंमी. आदर्श उंची ७५, फरक ५०, प्रत्येक सेंमीला ०.००३ वजा. गुणक ०.८५.

किती वर न्यायचं? ७५ सेंमी. ०.८२ अधिक ४.५ भागिले ७५ = ०.८८.

कंबर किती वळते? ४५ अंश. अंशाला ०.००३२ वजा, म्हणजे ०.८५६.

मिनिटाला दोन, दिवसभर. तक्त्यात ०.६५.

पकड? पोत्याला मूठ नाही, ०.९०.

सगळं गुणून २३ ला लावलं की येतात ५.४ किलो. त्या जागी, त्या पद्धतीनं, त्या वेगानं शिफारस होते ती एवढ्याच वजनाची. ५० किलोचं पोतं त्याच्या ९.३ पट आहे. हा आकडा एकच्या जवळ असावा, तीनच्या वर गेला तर काम बदलायलाच हवं असं जाणकार धरतात.

आता पोतं तेच, ५० चं. फक्त तळाला अर्ध्या मीटरचा ओटा केला, म्हणजे हात ७५ वर. ठेवायची जागा एक मीटरवर, म्हणजे २५ सेंमीच उचल. समोरासमोर मांडणी केली, वळणं गेलं. ओट्याची कड मोकळी ठेवून माणूस पोत्याला चिकटून उभा राहतो, अंतर ३० सेंमी. पुन्हा गुणा. शिफारस ११.२ किलो, पट ४.५.

आणि ओटा न करता, जुन्याच जागी पोतं २५ किलोचं केलं तर? ४.६ पट.

म्हणजे वजन एक ग्रॅम न घटवता मांडणीनं जे मिळालं, ते पोतं अर्धं करण्याइतकं आहे. दोन्ही केलं तर २.२. तेव्हा "आमच्या हातात पोत्याचं वजन नाही" हे उत्तर कुणी देऊ नये. ओटा बांधणं प्रत्येकाच्या हातात आहे.

सूत्राची हद्दही सांगून ठेवतो. ते उभ्यानं, दोन हातांनी, एका माणसानं उचलण्यापुरतं आहे. पाठीवर घेऊन फळी चढणं, दोघांनी मिळून तिसऱ्याच्या पाठीवर चढवणं, डोक्यावर वाहणं त्यात बसत नाही. तिथे ते वापरून खोटी खात्री करून घेऊ नका.

कुपवाड_शिफ्ट२

मापपट्टी सर, आमच्याकडे सगळ्यांना रुंद कमरपट्टे वाटायचं चाललंय. त्यानं फरक पडतो का? आणि "गुडघ्यात वाकून उचला" हे प्रशिक्षण?

मापपट्टी

पट्ट्याबद्दल निऑशनंच १९९४ साली पुरावे तपासले. ज्यांना आधी इजा नाही अशा कामगारांची इजा पट्ट्यानं टळते याला पुरेसा आधार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. उलट धोका असा की पट्टा बांधला की माणूस जास्त उचलतो आणि व्यवस्थापनाला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. त्या पैशात ओटे होतील.

गुडघ्यात वाकणं खोक्याला ठीक, पोत्याला नाही. खोकं अरुंद असेल तर दोन गुडघ्यांच्या मधे येतं. पोतं येत नाही. गुडघे पुढे आले की पोतं आणखी पुढे ढकललं जातं, ४० चे ५० सेंमी होतात आणि गुणक ०.६२५ वरून ०.५ वर येतो. शिवाय मिनिटाला दोन वेळा पूर्ण बसून उठणं मांड्या सोसत नाहीत, तासाभरात माणूस पुन्हा कमरेतून वाकतो. अनुभवी हमाल पोतं आधी एका कानावर उभं करतो, मांडीला टेकवतो, मग उचलतो. त्यानं अंतर कमी होतं. प्रशिक्षण द्यायचंच तर ते बघून द्या.

भांगलण

ओझ्याशिवायही पाठ जाते, त्यावर लिहिते. वाकून करायच्या कामावर जगात जो मोठा निकाल झाला तो शेतीतलाच आहे आणि आपल्याकडे त्याची माहिती फार कमी लोकांना आहे.

कॅलिफोर्नियात लेट्यूस आणि बीटच्या विरळणीला, खुरपणीला आखूड दांड्याचं कुदळीसारखं अवजार वापरत. दांडा फुट-दीड फुटाचा, फार तर दोन. मेक्सिकन मजूर त्याला 'एल कोर्तितो' म्हणत, म्हणजे छोटं. दिवसभर कमरेत वाकून ओळी ओढायच्या. मजुरांच्या वकिलांनी तक्रार केली. तिथे "असुरक्षित हत्यार" वापरू नये असा नियम आधीपासून होता. सुरक्षा मंडळानं त्याचा अर्थ असा लावला की असुरक्षित म्हणजे मोडकं, सैल, धार तुटलेलं. हे हत्यार धडधाकट आहे, सबब असुरक्षित नाही. १९७५ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो अर्थ खोडून काढला. हत्यार मोडकं नसलं तरी ते जसं वापरावं लागतं त्यानं इजा होत असेल तर ते असुरक्षितच, असं ठरलं. त्याच वर्षी ते अवजार बंद झालं.

मळेवाले म्हणत होते की लांब दांड्यानं रोपं तुटतील, पीक बुडेल. पीक बुडालं नाही. आखूड दांड्याचं खरं आकर्षण वेगळं होतं, कोण उभं राहिलंय हे मुकादमाला लांबून दिसायचं.

पुढची गोष्टही सांगायला हवी. अवजार गेलं तर काही ठिकाणी हातानं तण उपटायला लावलं, वाकणं तसंच. तो मार्ग बंद व्हायला २००४ उजाडलं. लांब दांड्याचं अवजार चालत असेल तिथे हातानं खुरपणी करून घ्यायची नाही, करून घ्यायची असेल तर विश्रांतीत पाच मिनिटं जास्त द्यायची, असा नियम आला. सेंद्रिय शेतीला त्यातून सूट ठेवली.

आता आपल्या कृष्णाकाठचं. भांगलण उकिडवं बसून होते, कमरेत वाकून नाही. म्हणून कमरेपेक्षा गुडघे आणि घोटे आधी जातात. उपायही वेगळे. सोयाबीन, भुईमूग, हरभरा ओळीत पेरला असेल तर सायकल कोळप्यानं बरंचसं तण उभ्यानं निघतं. मूठ कोपराच्या किंचित खाली येईल अशी लावा. मूठ फार खाली असेल तर बाई पुन्हा वाकते आणि कोळपं तसंच कोपऱ्यात पडतं. पातं ओळीतल्या अंतरापेक्षा सात-आठ सेंमी लहान हवं. वाफसा असतानाच चालवा, चिखलात चाक भरतं, वाळल्यावर पातं वर उडतं, दोन्ही वेळा जोर खांद्यावर येतो. हळदीत मात्र गड्डे वर आले की पातं लागतं, तिथे रोपाजवळचं तण हातानंच काढावं लागेल. तिथे लहान पाट द्या, दहा-बारा सेंमी उंचीचा, कमरेला बांधता येईल असा. पूर्ण उकिडवं बसणं आणि एवढ्याशा पाटावर बसणं यात गुडघ्याला मोठा फरक पडतो.

थप्पी

भांगलणताई, "मोडकं नाही म्हणून असुरक्षित नाही" हा युक्तिवाद आपल्याकडच्या तपासणीतही ऐकू येतो. फार उपयोगी माहिती दिलीत.

नवीन_फलाट

अमेरिकेत एवढं संशोधन झालं, तर तिथे सगळ्या कामगारांसाठी असा कायदा असेलच ना?

कलम३४

नाही. आणि तो कसा गेला हे समजून घेण्यासारखं आहे.

अमेरिकेच्या १९७० च्या कायद्यात मालकानं कामाची जागा ओळखीच्या गंभीर धोक्यांपासून मुक्त ठेवावी असं एक सर्वसाधारण कलम आहे. ओशा ही कामगार सुरक्षेची सरकारी यंत्रणा सुरुवातीला त्याच्यावरच भागवत होती. १९९० साली कत्तलखाने आणि मांस उद्योगासाठी मार्गदर्शिका निघाली, कारण सुरी धरून दिवसभर तीच हालचाल करणाऱ्यांच्या मनगटांचे हाल उघड दिसत होते. त्याच वर्षी कामगारमंत्री एलिझाबेथ डोल यांनी सर्व उद्योगांसाठी नियम करायचं जाहीर केलं. मग दहा वर्षं गेली. मधल्या काळात काँग्रेसनं (म्हणजे तिथल्या संसदेनं) अर्थसंकल्पात अट घालून कामच थांबवलं होतं.

अंतिम नियम नोव्हेंबर २००० मध्ये आला, १६ जानेवारी २००१ ला लागू झाला. इजा झालेल्या कामगाराला हलकं काम दिलं तर पूर्ण पगार, घरी बसवलं तर ९० टक्के, ९० दिवसांपर्यंत, अशी तरतूद त्यात होती. शेती, बांधकाम, गोदी आणि रेल्वे बाहेर ठेवले होते. मार्चमध्ये सिनेटनं ५६ विरुद्ध ४४ आणि दुसऱ्या सभागृहानं २२३ विरुद्ध २०६ मतांनी तो रद्द केला, २० मार्च २००१ ला राष्ट्राध्यक्ष बुश यांची सही झाली. दोन महिन्यांत गेला. ज्या कायद्यानं तो रद्द केला त्यात अशी मेख आहे की तसाच नियम पुन्हा आणायचा तर काँग्रेसची नवी परवानगी लागते. त्यामुळे दार कायमचं लागल्यासारखं झालं. वॉशिंग्टन राज्यानं स्वतःचा नियम केला होता, तो २००३ साली जनतेच्या मतदानानं गेला. कॅलिफोर्नियाचा १९९७ चा लहानसा नियम टिकला आहे.

युरोपनं वेगळी वाट घेतली. १९९० च्या निर्देशात आकडा नाही, क्रम आहे. आधी हातानं उचलणं टाळता येतं का बघा, टाळता येत नसेल तर धोका मोजा, मग तो कमी करा. ब्रिटननं १९९२ साली त्यावर नियम केले. सोबतच्या मार्गदर्शिकेत कमरेच्या उंचीवर अंगाजवळ पुरुषाला २५ आणि स्त्रीला १६ किलो आहेत. तेच ओझं जमिनीवरून उचलायचं तर १० आणि ७. हे कायदेशीर कमाल नाहीत, त्यापुढे गेलात तर तपशीलवार तपासणी करा अशी ती खूण आहे. सिमेंटची पोती तिकडे २५ किलोची झाली त्यामागे हाच रेटा आहे. मला विचाराल तर आपल्याला हा क्रमच जास्त उपयोगी आहे. आकडा दिला की सगळे आकड्यापर्यंत भरतात.

गोदामकाटा

२५ किलोच्या पोत्याबद्दल सावध करतो. पाठिंबाच आहे, पण दर न बदलता ते आणलं तर उलटं होतं.

दहा टनांचा ट्रक. शंभराची पोती असती तर १०० डाग (नग), पन्नासची तर २००, पंचवीसची तर ४००. हमाली डागावर ठरली असेल तर व्यापारी लहान पोत्याला तयार होत नाही. क्विंटलवर असेल तर हमाल तेवढ्याच पैशात दुप्पट वेळा वाकतो. मग काय होतं? तो एका वेळी दोन पोती घेतो. दोन सुट्टी पोती एका पोत्यापेक्षा वाईट, वरचं घसरतं आणि ते सावरताना कंबर आपोआप वळते. आजची पोती बहुतेक प्लास्टिक विणीची, ज्यूटसारखी एकमेकांना धरून बसत नाहीत.

मापपट्टी

बरोबर, आणि सूत्रही तेच दाखवतं. वरच्या पहिल्या उदाहरणात पोतं २५ चं करा, पण मिनिटाला दोनऐवजी चार उचला. वेगाचा गुणक ०.६५ वरून ०.४५ वर येतो. पट ४.६ न येता ६.७ येते. म्हणजे ९.३ वरून ६.७, निम्म्यापर्यंत नाही. पोतं लहान करताना दर, माणसं आणि वेळ तिन्ही बसवावं लागेल. नाहीतर अर्धा फायदा वेग खाऊन टाकतो.

गोदामकाटा

आता साधनांचं लिहितो, कारण इथेच जास्त पैसे वाया जातात.

पॅलेट ट्रक (हातानं पंप मारून उचलायचा) बघून सगळे भुलतात. माल उचलणाऱ्या दांड्यांखालची त्याची चाकं साधारण ८० मिमीची असतात. कारखान्यातल्या गुळगुळीत कोब्यावर तो अडीच टन हलवतो. यार्डातल्या शहाबादी फरशीच्या सांध्यात तेच चाक अडकतं. अडकला की माणूस मागून झटका मारून ओढतो आणि त्या झटक्यात खांदा जातो. फरशी फुटलेली असेल तर पॅलेट ट्रक घेऊ नका, आधी दीड मीटर रुंदीचा एक पट्टा सलग कोबा करून घ्या, फलाटापासून थप्पीपर्यंत. नायलॉनची चाकं हलकी पळतात पण खडबडीत जागी आदळतात, पॉलियुरेथेनची बरी.

यार्डासाठी दोन चाकांची उभी पोतेगाडी सरस. चाक निदान २५ सेंमीचं, भरीव रबराचं. हवेचं घेतलं तर एका चाकात हवा कमी झाली की गाडी एका अंगाला ओढते. खालची जीभ पुरेशी लांब, पोतं तिच्यावर पूर्ण बसलं पाहिजे. गाडी ४५ अंशात कलती केल्यावर मूठ कोपराच्या खाली, कमरेच्या वर यायला हवी. मूठ त्याहून खाली आली तर माणूस वाकून ढकलतो.

थप्पीचं. पॅलेटवर ठेवली म्हणजे तळ १५ सेंमी वर येतो, तेवढ्यानं पुरत नाही. रिकामी दोन-तीन पॅलेट खाली टाकून त्यावर भरलेली थप्पी ठेवा, तळाचं पोतं गुडघ्यावर येतं. वरचा थर खांद्याच्या वर जाऊ देऊ नका. त्याच्यावर रचायचंच असेल तर पट्ट्याचा सरकता कन्व्हेअर लावा, साखरेच्या गोदामात असतो तसा. डोक्याच्या वर ५० किलो फेकणं बंदच व्हायला हवं.

फळीचं. ट्रकचा पाटा (माल ठेवायचा तळ) आणि फलाट एका उंचीवर नसले की फळी येते. चढ जितका उभा तितका पाठीवरचा माल मागे ओढतो आणि माणूस पुढे वाकून तोल धरतो. दर आठ फुटांना एक फुटापेक्षा जास्त चढ ठेवू नका. फळीला दर फुटावर आडवी पट्टी ठोका आणि वरचं टोक ट्रकच्या कडीला साखळीनं अडकवा. पट्ट्या झिजल्या, हळदीची पूड बसली की फळी साबणासारखी होते. रोज झाडा.

आकडा (हुक) लावून ओढणाऱ्यांनी दोन आकडे वापरावेत. एका हातानं ओढलं की कंबर त्याच बाजूला पिळते, आणि पिळवटणं व वजन एकदम आलं की चकती सरकते.

कुपवाड_शिफ्ट२

गोदामकाटा दादा, फार कामाचं. आमचं पॅकिंगचं टेबल ७५ सेंमी आहे, उभ्यानं काम. खुर्च्या नाहीत.

मापपट्टी

७५ बसून काम करायची उंची आहे, उभ्यानं नाही. उभं राहून, हात सैल सोडून, कोपर काटकोनात आणा. जमिनीपासून कोपर किती, ते प्रत्येकाचं मोजा. बारीक काम, तपासणी असेल तर टेबल कोपराच्या पाच-दहा सेंमी वर. हलकं पॅकिंग असेल तर दहा-पंधरा खाली. जोर लावायचं काम, खिळे, पट्टी आवळणं, असेल तर पंधरा ते चाळीस खाली. टेबल सगळ्यांत उंच माणसाच्या मापानं करा आणि बुटक्यांना पायाखाली फळीचा पाट द्या. उलट केलं तर उंच माणूस दिवसभर वाकतो आणि त्याला उपायच राहत नाही.

कलम३४

खुर्च्यांबद्दल: उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी हे कारखाने अधिनियमाच्या कलम ४४ मध्ये १९४८ पासून होतं. दुकानातल्या कामगारांना तो हक्क केरळनं २०१८ साली आणि तमिळनाडूनं २०२१ साली कायद्यानं दिला. सोय मागताना हे सांगा. लेखी मागा, तारीख घाला, पोच घ्या.

थप्पी

तीन-चार जणांनी निरोप पाठवून विचारलंय की आपल्या गाळ्यात मोजायचं तर काय काय मोजायचं. मापपट्टी, एकदा लिहून टाका.

मापपट्टी

टेप, कोनमापक, घड्याळ आणि काटा पुरे. पोतं काट्यावर टाका, छापलेलं वजन धरू नका, बारदान आणि ओल धरून खरं वजन घ्या. उचलायच्या क्षणी हात जमिनीपासून किती वर आणि घोट्यांच्या मध्यापासून किती पुढे, हे उचलताना आणि ठेवताना दोन्हीकडे घ्या. ठेवताना माणूस हात लांबवतो, तिथला आकडा बहुतेक वेळा जास्त वाईट येतो. कंबर किती वळली ते पायांच्या रेषेपासून मोजा. वेग पंधरा मिनिटं सलग मोजून मिनिटाचा काढा, सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा. हे सगळं त्या माणसाला सांगून, त्याच्या सोयीनं करा. कुणी टेप घेऊन उभं राहिलं की हात आपोआप भरभर चालतात आणि आकडा खोटा येतो.

ट्रकच्या पाट्याची उंची मात्र दोनदा घ्या, ट्रक रिकामा असताना आणि भरल्यावर. माल पडेल तशी स्प्रिंग दबते आणि पाटा खाली येतो. सकाळी जुळलेला फलाट ट्रक भरत आला की जुळत नाही. ओटा किंवा फळीची उंची ठरवताना ही दोन्ही मापं धरा.